काय बदललं, ते सांगा

अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत काय बदललं हे सांगायला प्ले स्टोअरवर ५०० अक्षरांची जागा असते. ती फुकट असते, दर भाषेला वेगळी मिळते, आणि त्या भाषांमध्ये मराठीही आहे. आमच्या अर्धापूरच्या बाजारात कुणाचाही फोन हातात घेऊन बघा. बहुतेक अ‍ॅपच्या खाली त्या जागेत इंग्रजीत एकच ओळ असते, तिचा अर्थ एवढाच की काही दोष काढले आणि वेग वाढवला. कोणता दोष काढला? कशाचा वेग वाढला? अ‍ॅप बँकेचं असो, विम्याचं असो की खताच्या दुकानाचं, ओळ तीच. माझी पहिली तक्रार या ओळीबद्दल आहे. ती लहान आहे म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

सोडत नाही, कारण आमच्याकडे अ‍ॅपची आवृत्ती हा आता शेतीचा विषय झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं आपल्या शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून, सातबाऱ्यावरची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करायची. १ ऑगस्ट २०२२ ला तिची दुसरी आवृत्ती आली आणि केलेली नोंद ४८ तासांच्या आत स्वतःच दुरुस्त करायची सोय झाली. हळदीच्या जागी सोयाबीन पडलं असेल तर या सोयीची किंमत कळते, कारण हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत सगळीकडे आधी सातबाऱ्यावरचं पीक बघतात. पण सोय आहे हे ज्याला माहीत, त्यालाच ती वापरता येणार. नव्या आवृत्तीची बातमी शेतकऱ्यापर्यंत पोचणं हा कामाचाच भाग आहे, आणि हे प्रत्येक अ‍ॅपला लागू आहे.

दुसरी तक्रार सक्तीबद्दल. माणूस शेतातल्या आखाड्यावर उभा आहे, रेंज येते-जाते, मुदत संपत आली आहे, आणि अ‍ॅप म्हणतं की आधी अपडेट करा. मग तो गावात येतो, मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात वायफायवर अपडेट मारून घेतो. दुकानातला पोरगा विचारतो, “काका, जुनं काढून टाकू का?” जुनं काढलं की लॉगिन गेलं. नवा ओटीपी जातो पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा त्या वेळी कामावर असतो. दिवस गेला. अँड्रॉइडमध्ये अपडेट दोन तऱ्हांनी देता येतं. एकात अ‍ॅप चालू राहतं आणि नवी आवृत्ती मागं उतरत राहते. दुसऱ्यात अपडेट झाल्याशिवाय पुढचा पडदाच उघडत नाही. यातली कोणती तऱ्हा वापरायची हे अ‍ॅप बनवणारा ठरवतो. पैशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर अडवावं, मी त्याला विरोध करणार नाही. बटणाचा रंग बदलला म्हणून भर हंगामात कुणाला अडवू नये.

तिसरी तक्रार जुन्या फोनची. हे अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीपासून पुढं चालेल, हे प्रकल्पाच्या एका फाइलमध्ये एका आकड्यानं लिहिलेलं असतं. तो आकडा वाढवायला क्षण पुरतो. पण त्या क्षणानंतर घरात वापरून झालेला, मोठ्या मुलाकडून वडिलांकडे आलेला फोन नव्या आवृत्तीतून बाद होतो. त्याला कुणी कळवत नाही. तो प्ले स्टोअरवर शोधत राहतो आणि आपलंच काही चुकलं असं समजतो.

या तिन्ही तक्रारींचं मूळ एका जागी आहे. आज अनेक प्रकल्पांत रिलीज आपोआप होतं. कुणी कोड चढवला की चाचण्या चालतात, बिल्ड होतं, सही होते, फाइल स्टोअरवर जाते. चाचणी नापास झाली की गाडी तिथंच थांबते. म्हणजे यंत्राच्या चुकांसाठी जागोजागी फाटकं आहेत. फोन हातात धरणाऱ्या माणसासाठी एकही फाटक नाही. बदलाची नोंद नसली तरी आवृत्ती जाते, जुने फोन बाद झाले तरी जाते, आणि नोंदणीच्या मुदतीच्या आदल्या रात्रीही जाते.

ही फाटकं बसवणं अवघड नाही. फास्टलेन नावाचं साधन बरेच प्रकल्प वापरतात. त्यात प्रत्येक भाषेचा एक फोल्डर असतो आणि प्रत्येक आवृत्तीसाठी एक छोटी मजकुराची फाइल. मराठीच्या फोल्डरात नव्या आवृत्तीची फाइल नसेल तर रिलीज नापास करायचं. ही तपासणी चार ओळींत लिहून होते. किमान अँड्रॉइडचा आकडा बदलला असेल तर यंत्रानं थांबावं, किती फोन बाद होणार ते दाखवावं आणि माणसानं हो म्हटल्यावरच पुढं जावं. हंगामाचं एक कॅलेंडर फाइलमध्ये ठेवावं आणि मुदतीच्या दिवसांत दुरुस्तीशिवाय काहीही बाहेर सोडू नये.

चौथं फाटक सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या भागात केळीचा बाग एका दिवसात कापत नाहीत; जसजसे घड भरतील तसतशी कापणी होते. नवी आवृत्तीही अशीच थोड्याथोड्या फोनांवर सोडावी. प्ले स्टोअरवर तशी सोय आहे. आधी काही टक्के लोकांना द्यायची, तक्रारी बघायच्या, मग वाढवायचं. हे यासाठी की एकदा फोनवर गेलेली आवृत्ती मागं घेता येत नाही. स्टोअर खालच्या क्रमांकाची आवृत्ती स्वीकारत नाही. वाटप थांबवलं तरी ज्यांच्याकडे पोचली त्यांना दुरुस्त केलेली, वरच्या क्रमांकाची आवृत्ती येईपर्यंत बिघाड सोसावा लागतो.

हे न करण्याची किंमत जगानं पाहिली आहे. १९ जुलै २०२४ ला, शुक्रवारी, भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक सदोष फाइल एकदम सगळीकडे सोडली. ७८ मिनिटांत ती मागंही घेतली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते, आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. पुढं अशा फाइली टप्प्याटप्प्यानंच सोडायच्या, असं त्या कंपनीनं नंतर जाहीर केलं. विमानतळावर गोंधळ झाला की जगाला कळतं. आखाड्यावर एकाचा दिवस गेला तर त्याची बातमी होत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही.

अ‍ॅप बनवणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. त्यांतली कित्येक आपल्याच भागातली आहेत, नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून पुण्याला गेलेली. लहान टीम, वरून घाई, रात्रीची रिलीज, हे सगळं खरं आहे. पण माणूस घाईत विसरतो म्हणूनच तर काम यंत्राकडे दिलं. मग जे सगळ्यात जास्त विसरलं जातं, तेही यंत्राकडेच द्यायला हवं. पुढच्या रिलीजच्या आधी मराठीच्या फाइलची तपासणी तेवढी बसवा. ती फाइल लिहिताना समोर आपले वडील फोन घेऊन बसले आहेत असं समजा, आणि त्यांना कळेल अशा शब्दांत काय बदललं ते लिहा. ५०० अक्षरं त्याला पुरतात.