बिनपगारी तलाठी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात कॉम्प्युटर पहिल्यांदा कचेरीत आला, तेव्हा त्याचा थाट नव्या जावयाचा होता. वेगळी खोली, गार हवा, अंगावर शिवलेलं कव्हर, दारात आपल्या चपला. कामही जावयाइतकंच करायचा. मग एमएस-सीआयटीची परीक्षा आली आणि पगारवाढ अडकेल या धाकानं पन्नाशीकडं झुकलेल्या भाऊसाहेबांनीही माऊस धरला, नांगराच्या मुठीसारखा घट्ट.

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. 15 रुपये भरा, घरबसल्या काढा. घरबसल्या म्हणजे तहसीलसमोरच्या ऑनलाइनवाल्याच्या बाकावर बसून. तिथं 15 चे किती होतात, ते त्याच्या तोंडाकडं बघून कळतं.

खरी गंमत 15 ऑगस्ट 2021 ची. ई-पीक पाहणी आली. सातबाऱ्यातला बारा, म्हणजे पिकांचा नमुना, पूर्वी तलाठी भरायचे. बांधावर जाऊन की चावडीतल्या खुर्चीवरून, याबद्दल गावात दोन मतं नव्हती. आता ते काम शेतकऱ्यानं करायचं. मोबाईल घेऊन रानात जा, गट नंबर निवडा, सोयाबीनचा फोटो काढा. भूम-वाशीकडं बालाघाटाच्या कुशीत रेंज नसेल तर ॲप समजूतदार आहे: माहिती साठवा, रेंज आली की पाठवा. त्यामुळं आमचा गडी एकदा पिकाची पाहणी करतो आणि एकदा टेकाडावर चढून रेंजची. नोंद राहिलीच, तर चूक कुणाची? ॲप तुमच्या हातात होतं की!

तलाठ्याचं पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय. बरोबरच आहे. जुनं काम आमच्या गळ्यात पडलं, तेव्हा त्यांना नवं नाव लागणारच. (आमचं मात्र अजून 'खातेदार'च.)

कचेरीतला कॉम्प्युटर तेवढा जागेवर आहे. वरचा आदेश व्हॉट्सॲपवर येतो. भाऊसाहेब तो मोबाईलवर वाचतात, कॉम्प्युटरवरून त्याची प्रिंट काढतात, तिला भोक पाडतात आणि लाल दोरीत ओवतात.

परवा एका कचेरीत फेरफाराची नक्कल मागायला गेलो. भाऊसाहेबांनी पडद्याकडं बघितलं, माऊस दोनदा आपटला, मग माझ्या खिशाकडं बघितलं.

"मालक, तुमच्या मोबाईलवर निघतंय का बघा की."