लॅपटॉपवर लिनक्सचा डेस्कटॉप थाटण्याची शास्त्रोक्त पद्धत

लिनक्सचा डेस्कटॉप थाटू इच्छिणाऱ्या साधकाने तो आपल्याला कशासाठी हवा आहे, हा प्रश्न प्रथम मनातून काढून टाकावा. ज्याला पत्रं लिहायची आहेत किंवा हिशेब ठेवायचे आहेत, त्याच्यासाठी हे शास्त्र नाही. तो मिंट किंवा उबुंटूसारखं तयार लिनक्स टाकतो, कामाला लागतो आणि त्याच्याकडे चारचौघांत सांगण्यासारखं काहीच उरत नाही. प्रस्तुत विवेचन आहे ते ज्याचा डेस्कटॉप गेली कित्येक वर्षं ‘होतच आलाय’ अशा उच्च कोटीच्या साधकासाठी. आमचं प्रतिपादन एवढंच, की डेस्कटॉप हे काम करण्याचं साधन आहे हा भाबडा समज असून, काम टाळण्याचं इतकं प्रतिष्ठित साधन दुसरं नाही. चहाच्या टपरीवर तासभर बसलं की लोक आळशी म्हणतात. पॅनेलची जाडी दोन पिक्सेलने कमी करत रात्र काढली तर हुशार म्हणतात.

नियम पहिला : निवड करताना इतिहासात शिरावं, म्हणजे निवड होत नाही. मथियास एट्रिख यांनी १९९६मध्ये केडीई या डेस्कटॉपची सुरुवात केली. केडीई ज्या क्यूटी लायब्ररीवर उभं होतं तिचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून पुढच्याच वर्षी मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली, भांडणाचं मूळ कारण मिटलं, पण गणेश मंडळ फुटून झालेले दोन मांडव कारण मिटल्यावर कधी एक होतात का? २०११मध्ये ग्नोम ३ने जुनी मांडणी मोडली, तेव्हा रुसलेल्यांनी माटे काढला आणि मिंटवाल्यांनी सिनॅमन. उबुंटूने स्वतःचा युनिटी थाटला आणि २०१७मध्ये तो गुंडाळून ग्नोम पुन्हा जवळ केला. एवढं वाचून होईपर्यंत सुट्टी संपते. तरीही उरली, तर पडद्यावर खिडक्या उमटवायला १९८७पासूनचा एक्स ११ बरा की २००८मध्ये सुरू झालेला वेलँड, हा वाद हाताशी आहेच.

नियम दुसरा : एकावर समाधान मानू नये, सगळे टाकावेत. ग्नोम आणि केडीई एकाच खात्यात नांदवले की फाइली दाखवणारे दोन प्रोग्राम, मजकूर लिहिणारे दोन, पासवर्ड सांभाळणारे दोन आणि एकाच्या रंगसंगतीत दुसऱ्याची काळ्यावर काळी अक्षरं, अशी समृद्धी लाभते. (अरसिकांसाठी सोपी वाट : दुसरा डेस्कटॉप पाहायचाच असेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून पाहावा. वायफाय, आवाज, टचपॅड आणि ब्राइटनेसची बटणं चालतात की नाही, हेही तेव्हाच कळतं.)

नियम तिसरा : झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो का आणि उघडल्यावर उठतो का, हे आधी तपासू नये. मीटिंगच्या वेळी आपोआप कळतं.

नियम चौथा : सजावट. टर्मिनल अर्धपारदर्शक करावं. मागचा डोंगर दिसतो, पुढचा मजकूर दिसत नाही. मग आय३सारखा टायलिंग विंडो मॅनेजर आणावा. तो पडद्याची नेटकी विभागणी करतो आणि माउस हद्दपार करतो. कीबोर्डवर खरोखर काम करणाऱ्याला तो वरदान आहे, हे नाकारता येणार नाही. आमच्या साधकाचं काय, तर त्याच्या पडद्यावर एकच खिडकी असते आणि तीत त्याच विंडो मॅनेजरची कॉन्फिग फाइल उघडलेली असते. शेवटी कोपऱ्यात कॉन्की बसवावा. प्रोसेसर किती टक्के वापरात आहे हे तो क्षणोक्षणी दाखवतो. तो आकडा बहुधा एक अंकी असतो. आमच्या प्रतिपादनाला याहून बोलका पुरावा नको.

नियम पाचवा : मराठी सगळ्यात शेवटी. इथे शास्त्र बाजूला ठेवून सरळ तक्रार करायची आहे. आयकॉनचे सतरा संच चाळणाऱ्याला देवनागरी फॉन्ट टाकायला सवड मिळू नये? नोटो सान्स देवनागरी टाकायचा, इनपुट सोर्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडायचा आणि ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ एवढे दोन शब्द टाइप करून ऱ्य, ऱ्ह नीट उमटतात का पाहायचं. काम पाच मिनिटांचं. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं अनेकदा तुटतात, त्याला इलाज थोडा. पण बाकी ठिकाणी तुटली तर दोष लिनक्सचा नाही, आळसाचा आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हवं ते निवडण्याचं स्वातंत्र्य हाच तर लिनक्सचा प्राण आहे. मान्य. पण निवडीच्या स्वातंत्र्यात निवडून मोकळं होणंही येतं. कायम निवडतच राहणारा पर्यायांचा चाकर असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : या खटाटोपातून माणूस शिकतो. हे खरं आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडून पडदा काळा झाला की इतरांचा धीर सुटतो. हा शांतपणे कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबतो, अक्षरी कन्सोलवर लॉगिन करतो, जर्नलसीटीएलने यंत्राच्या नोंदी वाचतो आणि दोष हुडकतो. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा मोफत आधार संपला, अकराव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी धडधाकट यंत्रं निकामी ठरू लागली, तेव्हा ती वाचवायला हाच माणूस उपयोगी पडतो.

आणि नेमका तिथेच तो उघडा पडतो. कुणा काकूंचा चार जीबी रॅमचा लॅपटॉप हाती आला की तो एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचा मिंट टाकतो, ब्राउझर खालच्या पट्टीवर ठेवतो, मराठी कीबोर्ड जोडतो, प्रिंटर चालवून दाखवतो आणि एका बैठकीत उठतो. वॉलपेपरसुद्धा बदलत नाही. पारदर्शक टर्मिनल नाही, कॉन्की नाही, वेलँडवर प्रवचन नाही. म्हणजे योग्य काय ते त्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. अज्ञानाची सबब त्याला लागू नाही.

तेव्हा अखेरचा नियम, आणि हा गंभीरपणे : आपला लॅपटॉप काकूंचा आहे असं समजून थाटावा. होम फोल्डरचा बॅकअप घ्यावा, दीर्घ मुदतीची आवृत्ती टाकावी, झाकण मिटून पाहावं. मग हात शिवशिवले तर वेगळं युजर खातं काढून त्यात हवा तेवढा धुडगूस घालावा. कामाच्या खात्याला हात लावू नये.