बुजवायचं राहिलेलं भोक

आमच्या सोसायटीत निसर्गप्रेम दरवर्षी ५ नोव्हेंबरला येतं आणि १२ तारखेला जातं. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सालिम अलींच्या. मधले दिवस राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. रानोमाळ हिंडलेल्या या दोन माणसांच्या मध्ये आम्ही एक भाषण, एक चित्रकला स्पर्धा आणि बटाटेवडे बसवतो. गेल्या वेळी भाषण माझं होतं. पाऊण तास बोललो. त्यातला एक शब्द कुणाला आठवत नाही. मलाही.

त्याच सप्ताहात कमिटीनं चिमण्यांसाठी बारा लाकडी घरटी आणली. ऑइलपेंटनं रंगवलेली, दाराशी टेकायला काडी. सचिवांनी ती पश्चिमेच्या भिंतीवर, हात पोचेल अशा उंचीवर, एका रांगेत ठोकली. फोटो चांगले यावेत म्हणून. फोटो चांगलेच आले. चिमण्या आल्या नाहीत. एका घरट्यात गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड केलं, दुसऱ्याच्या काडीवर बसून कावळा आत डोकावू लागला आणि खाली सोसायटीचं मांजर वाट बघत बसलं. त्या घरट्यांवर मनापासून विश्वास होता तो त्या एकट्याचा.

मार्चमध्ये चौथीतल्या एका मुलीनं बातमी आणली. पंपाच्या खोलीच्या भिंतीतून जुना दीड इंची पाइप काढला होता, त्याचं भोक तसंच होतं. ते बुजवायचा विषय तीन वार्षिक सभांमध्ये येऊन गेला होता, पण एवढ्याशा कामाला गवंडी मिळत नव्हता. त्या भोकात चिमणा-चिमणी काड्या नेत होते.

तेव्हा आजोळ आठवलं. तिथे चिमणीला कुणी घर दिलं नव्हतं. ती वळचणीला राहायची, नाहीतर भिंतीवर पुढे झुकवून टांगलेल्या पणजोबांच्या तसबिरीमागे. पणजोबांसमोर घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं म्हणे, पण त्यांच्या डोक्यामागे दरसाल बाळंतपण व्हायचं. गोष्टीतल्या चिऊचं घर मेणाचं असेल. खरी चिऊ आमचीच पोटभाडेकरू. आता भिंती गुळगुळीत, खिडक्या सरकत्या, आणि फट दिसली की आपण बिल्डरला नोटीस धाडतो.

मुलांनी वही घातली, पाळ्या लावल्या. गळ्याखाली काळं असतं तो चिमणा, हे न सांगता शिकली. आम्ही टाकलेले तांदूळ आईबाप खात, पिलांसाठी मात्र चोचीतून अळ्या आणत. वहीत नोंद आहे: एका तासात सतरा फेऱ्या.

"काका, एवढ्या अळ्या कुठून आणतात?"

मी कढीपत्त्याकडे आणि जास्वंदीकडे बोट दाखवलं. त्यांच्यावर माळी दर पंधरवड्याला औषध फवारायचा. मुलांनी माळीकाकांना गाठलं. ते म्हणाले, "मला काय, तुमच्या सेक्रेटरीसायबांना विचारा." संध्याकाळी सायबांच्या दारात सात जण वही घेऊन उभे. फवारणी थांबली. पाऊण तासाच्या भाषणानं झालं नाही ते सतरा फेऱ्यांनी झालं.

पिलं पंधरवड्यात उडाली. पुढच्या सभेत भोक बुजवायचा विषय चौथ्यांदा आला आणि सर्वानुमते तहकूब झाला. आमच्या सोसायटीत आजवर सर्वानुमते झालेली ही एकच गोष्ट. सचिव त्या भोकाला आता 'आपला प्रकल्प' म्हणतात. म्हणोत. आळसाला एवढी गोड फळं रोज कुठे लागतात?

तुमच्याकडे गवंडी आलाच, तर त्याला सगळी भोकं दाखवू नका.