ट्रकातली मरून टिकली

अहो, ऐकलंत का? ठेवा ती बादली खाली आणि या जरा इकडे कुंपणाजवळ. हळू बोला बाई, त्यांची खिडकी उघडी आहे… काल तुम्ही नेमक्या बाहेर गेलात आणि सगळा तमाशा चुकला तुमचा!

सकाळचे साडेसात. आमच्या ह्यांची स्कूटर निघायची वेळ. कोपऱ्यावरच्या भाऊजींचा ट्रक लोणंदचा कांदा भरून वाशीला निघाला होता. गल्लीच्या तोंडाशी आला आणि बसला की हो तिथंच, बैलानं बसकण मारावी तसा! अर्धा गल्लीत, अर्धा रस्त्यावर. इंजिन चालू, धूर चालू, पण चाक तसूभर हलेना. भाऊजी आतून ओरडतायत, "हँडब्रेक सोडलाय मी, सोडलाय!" ह्यांची स्कूटर आत, दूधवाला बाहेर. कॅनमधलं दूध मी ट्रकाच्या खालून घेतलं, आता बोला!

मग काय, जमली पुरुषमंडळी. एक म्हणे क्लच गेला, दुसरा म्हणे लायनर चिकटले. वहिनींच्या सासूबाई आतून लिंबू-मिरची घेऊन आल्या, "परवाच कुणीतरी म्हणालं होतं, ट्रक बरा चाललाय म्हणून." आणि म्हणताना माझ्याकडे बघितलं हं त्यांनी! मी मेली काही बोलले नव्हते. म्हणजे, म्हणाले होते, पण कौतुकानं…

तर काय सांगत होते, जावईबापू! पुण्याचे हो, ते आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते. पायात पांढरे बूट, हातात मोबाईल. वाकून खाली बघितल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "हँडब्रेकची केबल जाम आहे. थोडं ऑइल सोडा, सुटेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिनिअर ना ते. ट्रकावरचं ते क्लिनर पोरगं तेवढं पुटपुटलं, "हवा बसतीय मालक, आठ दिवस झालं सांगतोय," पण त्याचं कोण ऐकतो?

इतक्यात आले आपले रेल्वेवाले अण्णा, मफलर गुंडाळून. तुम्हाला माहीतच आहे, ब्रेक म्हटलं की अण्णांना स्फुरण चढतं. "अहो जावईबापू, असल्या मोठ्या गाडीच्या हँडब्रेकला केबल कुठली? हवा असते हवा!" जावईबापूंचा चेहरा असा उतरला… बिचारे बूट पुसायला लागले. अण्णांनी मग सगळ्यांना उभं करून सांगितलं. मागच्या चाकांपाशी डब्यासारखे गोल चेंबर असतात, त्यात एक दांडगी स्प्रिंग. ब्रेक लावून धरते ती स्प्रिंग. हवा आत भरली की ती हवा स्प्रिंगला मागे रेटते आणि ब्रेक सुटतो. आपण हँडब्रेक ओढला की फुस्स होतं ना, ती ही हवा बाहेर जाते आणि स्प्रिंग मोकळी होऊन चाक आवळते. आपल्याला वाटतं हवा गेली तर ब्रेक गेला. इथं उलटं! हवा गेली तर ब्रेक लागला.

"ही अक्कल रेल्वेची," अण्णा म्हणाले. "वेस्टिंगहाऊस साहेबाचा हवेचा पहिला ब्रेक १८६९ सालचा. त्यात पाइप तुटला की ब्रेकच लागायचा नाही. म्हणून १८७२ साली त्यानं हिशेब उलटा केला. पाइप तुटला, डबे सुटले, तर गाडी आपोआप थांबणार." आमचे हे म्हणाले, "ते ठीक आहे अण्णा, पण माझी स्कूटर…"

आता खरी गोष्ट ऐका. जवळ या जरा.

भाऊजी खाली उतरून डोकं खाजवतायत, तर वहिनी चहा घेऊन आल्या. केबिनमध्ये चढल्या, कप ठेवायला. आणि तशाच थिजल्या. मी खालूनच बघत होते. म्हटलं, काय हो वहिनी? तर बोट दाखवलं नुसतं. समोर मीटरच्या काचेवर, दसऱ्याच्या त्या प्लास्टिकच्या फुलांच्या माळेमागे… टिकली! चांगली मोठी, मरून. आणि वहिनी काय लावतात? मोहरीएवढी काळी! जन्मात मोठी टिकली लावली नाही त्यांनी.

गल्ली चिडीचूप. वहिनींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. सासूबाईंनी लिंबू-मिरची पदराखाली घातली. मी काही म्हणजे काही बोलले नाही हं. फक्त समोरच्या काकूंना सांगितलं, आणि गिरणीवाल्या ताईंना, कारण त्यांनी विचारलं म्हणून. वाशीच्या वाटेवर ढाबे किती असतात हे काय मी सांगायला हवं?

तर काय सांगत होते… हां, मिस्त्री आला! नऊ वाजता, महामार्गावरच्या गॅरेजातून. तोंडात तंबाखू, बोलणं मोजकं. आल्याबरोबर चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, कारण आपली गल्ली उताराची. मग म्हणाला, "हँडब्रेक ओढा." भाऊजींनी ओढला. कान लावला, आवाज नाही. "आता सोडा." सोडला, आणि उजव्या मागच्या चाकाकडून बारीक सुसूऽऽ सुरू, कुकरची शिट्टी नीट बसली नाही की येतो ना, तस्सा. आणि सकाळपासून ही शहाणी मंडळी शोधत होती ती हँडब्रेक ओढून! ओढला की त्या डब्यात हवाच नसते, मग सुसू कुठून येणार?

"साबणाचं पाणी आहे का?" मिस्त्रीनं विचारलं. अहो, माझीच वाटी! भांड्यांचा साबण फेसून दिला मी, वर नातवाचा चित्रकलेचा ब्रशही दिला. त्यानं चेंबरच्या मागच्या भोकापाशी फेस लावला मात्र, टपोरे फुगे यायला लागले, दिवाळीतल्या अनारशाला येतात तसे. आतला रबरी पडदा फाटलेला. हवा धरत नाही, म्हणून स्प्रिंग सुटली आणि चाक धरून बसली. जावईबापू पाना घेऊन पुढे सरसावले, तर मिस्त्री केवढ्यानं ओरडला, "हात लावू नका! तो डबा इथं खोलायचा नसतो. स्प्रिंग उडाली तर माणूस जातो." बूट झटक्यात चार पावलं मागे.

मग त्यानं डब्याच्या मागचा एक लांब बोल्ट फिरवत फिरवत स्प्रिंग आवळून धरली आणि चाक मोकळं केलं. ट्रक हळूच कडेला घेतला. आमच्या ह्यांची स्कूटर सुटली, आणि गेले कुठे? कुठे नाही! तिथंच उभे. ऑफिसात फोन केला, "ट्रॅफिक आहे."

आणि मग मिस्त्रीनं विचारलं ते ऐका. "हवेचा काटा आठच्या आसपास असतो. पाचच्या खाली घसरला की लाल दिवा लागतो, बझर बोंबलतो. तुमचा दिवा लागला नाही?"

भाऊजी गप्प. जमिनीकडे बघतायत. क्लिनर पोरगं फिसकन हसलं, "दिवा हाय की. टिकलीखाली हाय!"

मिस्त्री वर चढला, नखानं टिकली काढली, आणि खालून लालभडक दिवा चमकला! महाशिवरात्रीच्या आधीपासून तो दिवा काटा पूर्ण भरलेला असताना पण लागून राहायचा म्हणे. त्याच्या मागचं हवेचं बटण, तो प्रेशर स्विच, खराब झालेलं. रात्री घाटात डोळ्यात खुपायचा, बझर कान किटवायचा. नवा स्विच घालायचा सोडून भाऊजींनी बझरची वायर उपटली आणि दिव्यावर टिकली चिकटवली. खोटं बोलतो म्हणून त्याचं तोंड बंद केलं, आणि तो खरं बोलायला लागला तेव्हा त्याचं ऐकायला कुणी नव्हतं!

मिस्त्री फार बोलत नाही, पण एवढं बोलला, "गल्लीत बसला हे नशीब. पायातल्या ब्रेकची हवा नवले पुलाच्या उतारावर अशीच गेली असती, तर सांगायला कोण होतं तुम्हाला?" भाऊजींनी सासूबाईंच्या हातातली लिंबू-मिरची मुकाट्यानं घेतली आणि खिशात घातली.

दुपारी दोनपर्यंत काम चाललं. पूर्ण चेंबर बदलला, नवा स्विच घातला, वायर जोडली. हवेच्या टाकीखालची कळ ओढली तर तपेलीभर गढूळ पाणी निघालं, ते रोज काढायचं असतं म्हणे. मग हवा भरून इंजिन बंद केलं, हँडब्रेक सोडला आणि दहा मिनिटं सगळी गल्ली काट्याकडे बघत बसली. हलला नाही! शेवटी मिस्त्री पायातला ब्रेक दाबत राहिला, दाबत राहिला, काटा उतरत पाचपाशी आला आणि दिवा लागला, बझर बोंबलला. अशा बोंबेला टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या.

अहो, पण टिकली कुणाची, ते राहिलंच की! वहिनींनी कंबरेवर हात ठेवून सगळ्यांदेखत विचारलं. भाऊजी म्हणाले, "घरातलीच की. फ्रीजवर पाकीट पडलं होतं, संक्रांतीपासून." वहिनींच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग त्या सावकाश वळल्या आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे हळदीकुंकवाला तुम्ही वाण दिलं होतंत ते? मरून, मोठ्या, चार रुपयांवाल्या?"

आता काय सांगू… काकू माझ्याकडे बघतायत, गिरणीवाल्या ताई माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, दूध उतू जातंय वाटतं, आणि आले घरात.

पण अहो, चार रुपयांच्या नव्हत्या हं त्या. पाच रुपयांच्या होत्या. तेवढं सांगा काकूंना, तुम्ही भेटाल तेव्हा.