दोन कोटींचा पेच

पोर्शे टायकान आणि ऑडी ई-ट्रॉन जीटी या विजेवर धावणाऱ्या दोन जर्मन मोटारींतून एक निवडण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्याविषयी समाजात फारशी सहानुभूती आढळत नाही. तरीही त्यांचा पेच खरा असतो, कारण या दोन गाड्या आतून जवळजवळ एकच आहेत. टायकान सप्टेंबर 2019 मध्ये जगापुढे आली, ई-ट्रॉन जीटी फेब्रुवारी 2021 मध्ये. दोन्ही कंपन्या फोक्सवॅगन समूहातल्या. सांगाडा एकच, त्याचे नाव जे-वन. विजेची 800 व्होल्टची मांडणी तीच, पहिल्या पिढीतली सुमारे 93 किलोवॅट-तासांची मोठी बॅटरी तीच, मागच्या चाकांकडचा दोन गिअरांचा गिअरबॉक्सही तोच. कारखाने तेवढे वेगळे: टायकान स्टुटगार्टच्या त्सुफनहाउझन भागात तयार होते, ई-ट्रॉन जीटी तिथून साधारण पन्नास किलोमीटरांवरच्या नेकारझुल्ममध्ये. एकाच डब्यातली कणीक घेऊन दोन जावांनी पोळ्या लाटाव्यात आणि माझीच पोळी मऊ म्हणून जन्मभर अबोला धरावा, तसा हा मामला आहे.

वेगाचा मुद्दा लवकर संपतो. शून्यावरून ताशी 100 किलोमीटर गाठायला टायकान 4एसला 4.0 सेकंद लागत, ई-ट्रॉन जीटीला 4.1. वाचलेल्या 0.1 सेकंदात मालकाने काय करावे, याचे मार्गदर्शन माहितीपत्रकात नाही. 2024 मध्ये दोन्ही गाड्या नव्या रूपात आल्या. बॅटरी वाढली, ताकद बेसुमार वाढली. टायकान टर्बो एस 2.4 सेकंदांवर आली आणि आरएस ई-ट्रॉन जीटी परफॉर्मन्स 2.5 वर. घरातले 0.1 सेकंदाचे भांडण तेवढे जपून ठेवले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची कमाल मर्यादा 100 आहे. म्हणजे गाडीचा खरा आनंद अडीच सेकंदांत आटोपतो आणि उरलेला घाटापर्यंतचा रस्ता ट्रकच्या मागचे सुविचार वाचण्यात जातो.

आवाजाचे प्रकरण मात्र सविस्तर पाहण्याजोगे आहे. विजेची मोटार मुळात फारशी वाजत नाही. दोन कोटी मोजून पदरात शांतताच पडली तर मोजणाऱ्याला चुकल्या-चुकल्यासारखे होते, म्हणून आवाज मुद्दाम घडवावा लागतो. ऑडीच्या ध्वनी-अभियंत्याने त्यासाठी सुमारे 3 मीटर लांब आणि 80 मिलिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा पाइप घेतला, एका तोंडाशी घरगुती पंखा लावला आणि दुसऱ्या तोंडाशी कान दिला. तिथे जी घुमघुम ऐकू आली ती या आवाजाचा पाया ठरली. मग तिच्यात बॅटरीवरच्या स्क्रूड्रायव्हरचा आणि खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा सूर मिसळून एकूण 32 ध्वनींचे मिश्रण सिद्ध झाले. पोर्शेने त्या मानाने सोवळे पाळले: गाडीच्याच यंत्रांच्या आवाजातले नकोसे गाळले, हवेसे वाढवले. खालच्या मॉडेलांत हा आवाज दोघांकडेही जादा पैसे भरल्याशिवाय मिळत नसे. पाइप आणि पंखा बहुतेकांच्या घरी असतो, हे येथे नोंदवून ठेवावे.

भारतात दोघी 2021 मध्येच आल्या, त्याही पूर्ण तयार, आयात होऊन. ऑडीची शोरूम किंमत 1.80 कोटी रुपयांपासून सुरू झाली, आरएसची 2.05 कोटी होती. पोर्शेची सुरुवात 1.50 कोटींपासून. पोर्शे झेपणार नाही म्हणून जो ऑडीकडे वळला, त्याला पोर्शे 30 लाखांनी स्वस्त निघालेली पाहावी लागली. अर्थात ही टायकान सर्वांत साधी, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी. शिवाय पोर्शेकडे जादा वस्तूंची एक लांबलचक यादी असते. तिच्यात एकेक खूण करत गेले की 30 लाख चहा थंड होण्याच्या आत संपतात.

रस्त्याशी गाठ पडली की दोन्ही गाड्यांचे पोट हा काळजीचा विषय होतो. हवेच्या सस्पेन्शनवर ऑडी सुमारे 20 मिलिमीटर वर उचलता येते. पोर्शे त्यापुढे गेली: गतिरोधकाची जागा एकदा शिकवली की तिथे ती पुढच्या वेळी आपोआप उंच होते. योजना उत्तम आहे, फक्त तिच्यात गतिरोधक ही कायम एका जागी राहणारी वस्तू आहे असे गृहीत धरले आहे. आपल्याकडे तो एका रात्रीत उगवतो, आणि मंत्रिमहोदय येणार असतील तर एका रात्रीत मावळतोही.

मागच्या आसनांची कथा थोडक्यात. पाय मावावेत म्हणून बॅटरीतच खळगे सोडले आहेत. पोर्शे त्यांना पायांचे गॅरेज म्हणते. पाय गॅरेजात लागतात, पण उंच माणसाचे डोके छताशी जाते.

तेव्हा गाडी स्वतः हाकणाऱ्याने आणि वळणांची हौस असणाऱ्याने टायकान घ्यावी. तिचे स्टीअरिंग हाताशी अधिक बोलते. निवांत लांब जाणाऱ्याने ई-ट्रॉन जीटी घ्यावी. ती स्वभावाने मवाळ आहे. आणि ज्याला सासू-सासऱ्यांना मागे बसवून अष्टविनायक करायचे आहेत, त्याने टोयोटाची इनोव्हा घ्यावी.