अर्धा मिलिमीटर आणि चुकलेली महालक्ष्मी

श्री. बापू पंक्चरवाले आणि श्री. आण्णा जॉबर (निवृत्त),
मुक्काम दुकानापुढचा बाक, कबनूर, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर
यांस स.न.वि.वि.

पत्र लिहिण्यास कारण, माझ्या स्कूटरचं मागचं चाक. खरं तर हे तोंडावरच बोललो असतो. पण तुमच्या दुकानात कधीही यावं तर चार माणसं बसलेलीच असतात आणि चारीच्या चारी तुमच्या बाजूची. शिवाय मी बोलायला लागलो की आण्णा माझ्या हातात भिंग देतात आणि म्हणतात, "दिवाणजी, आधी ह्यो रिव्हेट बघा." रिव्हेट बघितल्यावर माणसाला भांडता येत नाही. म्हणून हे उघड पत्र.

बारीकसारीक तक्रारी एका दमात सांगून टाकतो. तुमच्या बाकाचा तिसरा पाय आखूड आहे. चहाचे पैसे दर वेळी गिऱ्हाईकच देतं. माझी स्टेपनी गेले दोन महिने तुमच्या खिळ्याला टांगलेली आहे, तिच्यावर आता कोळ्यानं संसार मांडलाय. तुमच्या त्या खेळण्यातल्या इंजिनाच्या चाचणीला बारा व्होल्ट लागतात आणि ते मागच्या खेपेला माझ्याच बॅटरीतून घेतले होते, हे मला चहावाल्या पोरानं सांगितलं. हे सगळं माफ. स्टेपनीसुद्धा माफ.

माफ नाही ती त्या संध्याकाळची गोष्ट.

भाचीचं लग्न डोंबिवलीला, मुहूर्त सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांचा. मला हातकणंगल्यात रात्रीची महालक्ष्मी पकडायची होती. सव्वासातला तुमच्या दारात स्कूटर लावली, तेव्हा मागचं चाक पुरतं बसलं होतं आणि गाडीला चांगला दीड-पावणेदोन तास होता. स्टेशन सहा-सात किलोमीटरवर. बापू, तुम्ही चाकाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पाच मिन्टं." कबनुरात पाच मिनिटांचा अर्थ काय हे मला पन्नास वर्षांत कळायला हवं होतं. समोरून वडाप जात होतं, हात केला असता तर थांबलं असतं. पण घरचं पंक्चर, घरचा बापू, म्हणून मी पिशवी बाकावर ठेवली. पिशवीत मामाचा आहेर होता.

तुम्ही चाक उतरवलंत, रिम सुटी केलीत, ट्यूब ओढलीत, हवा भरून घमेल्यात बुडवलीत. बुडबुडे दिसले, खूण केलीत. इथवर तुमच्या हाताला तोड नाही, हे मी कोर्टातही सांगेन. कानस मारलीत, सोल्युशन लावलंत. सोल्युशन जरा सुकू द्यावं लागतं. त्या सुकण्याच्या दोन मिनिटांत आण्णांनी खिशातून कागद काढला आणि माझा घात झाला.

कागदावर लिहिलं होतं: ११.५.

वाचकांसाठी सांगतो, कारण मलाही ते त्याच संध्याकाळी, माझ्या इच्छेविरुद्ध, शिकवण्यात आलं. हे दोघे खेळण्यातली आगगाडी बनवतात. बनवतात म्हणजे विकत आणून जोडत नाहीत, शून्यातून घडवतात. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. जगभर या मापाला एचओ म्हणतात. बाजारात या मापाचे रूळ मिळतात, त्यांच्यातलं अंतर १६.५ मिलिमीटर. ते परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळांचं प्रमाण. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. तिला सत्त्याऐंशीनं भागलं की १९ मिलिमीटरच्या वर जातं. म्हणजे आपल्या गाडीचं हुबेहूब मॉडेल केलं तर ते विकतच्या रुळावर बसतच नाही. बसवायचं तर गाडीनं चाकं पोटात घ्यायची. आण्णांना हे पाप वाटतं. म्हणून त्यांनी मिरज-कोल्हापूर लाइन १९७१च्या आधीची, मीटरगेज असतानाची धरली. इंजिन वायपी. मीटरगेजला जवळचा तयार रूळ बारा मिलिमीटरचा मिळतो. बापू म्हणतात, बाराचा आणू. आण्णा म्हणतात, हिशेबानं साडेअकरा येतात, रूळ आपण स्वतः घालू.

फरक किती? अर्धा मिलिमीटर. या अर्ध्या मिलिमीटरवर तुम्ही दोघे पंचवीस मिनिटं भांडलात. सोल्युशन सुकलं, वाळलं, त्यावर धूळ बसली. मी दोनदा "गाडी..." म्हणालो. दोन्ही वेळा तुम्हाला वाटलं मी वायपीबद्दल बोलतोय. दुसऱ्या वेळी तर आण्णांनी मलाच पंच केलं: "दिवाणजी हिशेबाचा मानूस हाय, त्येलाच इचारा."

मग भानावर येऊन बापूंनी पॅच चिकटवला, ट्यूब आत घातली, रिम आवळली, हवा भरली. मी पिशवी उचलली. आणि चाक माझ्या डोळ्यांदेखत परत बसलं.

बापू, चौथीतलं पोरगंसुद्धा सांगेल की ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं. ज्यानं भोक पाडलं तो तिथंच बसलेला असतो. तुम्ही तीस वर्षं हे करत आलात. त्या संध्याकाळी केलं नाहीत, कारण तुमचं बोट टायरमध्ये नव्हतं, आण्णांच्या कागदावर होतं. आत तारेचा इवलासा चपटा तुकडा होता. त्यानं पहिल्या भोकाशेजारी दुसरं पाडलं.

पुन्हा सगळं उतरवलं. तार निघाली. आणि इथं कुठल्याही शहाण्या माणसानं ती गटारात फेकली असती. आण्णांनी ती दिव्याखाली धरली, नखावर वाकवून बघितली आणि सांगितलं, "फणीची तार हाय." ज्या गावात घराघरात माग होते तिथं टायरमध्ये फणीची तार शिरणार, यात नवल काय? पण आण्णांचा चेहरा असा उजळला जणू हरवलेला नातू सापडला. डब्याखालच्या कमानपाट्यांना अशीच चपटी, ताठ, पातळ पट्टी ते महिनाभर शोधत होते. माझ्या पंक्चरचं कारण त्यांनी पुसून, कागदात गुंडाळून, वरच्या खिशात ठेवलं.

तेव्हा आठ वाजून गेले होते.

यानंतरचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. बापूंनी पॅचसाठी डबा उघडला आणि त्यात हाताला लागली वॉलट्यूब. सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. इंजिनाची चाकं रुळावर घसरतात, डबे ओढवत नाहीत, म्हणून चाकाला रबराचं कडं चढवायचं असतं, हे तुम्हाला नेमकं त्याच क्षणी आठवलं. दीड सेंटिमीटरच्या चाकाला तुम्ही दोघे टायर चढवू लागलात. चिमटा, थुंकी, पावडर. कडं चढे, उडे, बाकाखाली जाई. मग चौघे जण बाकाखाली. माझं दहा इंची चाक बाजूला उताणं पडलेलं, आणि गावातला सर्वात निष्णात पंक्चरवाला खेळण्याच्या पंक्चरमध्ये गुंतलेला! आण्णा मला समजावत होते, की खऱ्या वाफेच्या इंजिनालाही टायर असतो, लोखंडी. तापवून चढवायचा, निवला की आवळून बसतो, अगदी आपल्या लोहाराकडं बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तसा. बाकावरचे निवृत्त सर पुढं सरसावले: डनलॉपनं हवेचा टायर काढला १८८८ साली, आणि शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूरच्या रेल्वेची पायाभरणी झाली तीही १८८८ सालीच; काय योगायोग! महाराज तेव्हा चौदाच्या आतबाहेर होते. तीन वर्षांत, १८९१ला, गाडी सुरूही झाली. सर, तीन वर्षांत कोल्हापुरात अख्खी रेल्वे आली, आणि इथं सव्वा तासात एक पंक्चर निघत नव्हतं!

शेवटी मी पिशवी घेऊन पळत सुटलो. वडाप मिळालं नाही, एका पोरानं मोटारसायकलवर सोडलं. हातकणंगल्याच्या फलाटावर पोचलो तेव्हा महालक्ष्मीचा शेवटचा डबा लाल दिवा दाखवत निघाला होता. गाडी वेळेवर होती. तिचा काही दोष नाही.

त्या रात्री ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर बसून गेलो. घाटात दीड तास अडकलो. डोंबिवलीत कार्यालयाच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा दहा वाजून गेले होते आणि जेवणाची पहिली पंगत बसत होती. भाचीला बोहल्यावर आणायला मामा लागतो. तिला त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं आणलं. फोटोत तो आहे, फेटा बांधून. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिला मी काय सांगू? साडेअकरा की बारा?

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तुमचा फोन. दुसऱ्या दिवशी दुपारी बापूंचा फोन आला. वाटलं, माफी मागतील. बापूंनी विचारलं, "गाडी चुकली व्हय? पर फलाटावर गेलासा न्हवं? इंजिन कुठलं लावलं हुतं?"

मी परत आलो तो भांडायचं ठरवूनच. बापू टायर आणायला इचलकरंजीला गेलेले. आण्णा मागच्या खोलीत एकटे. मला बघून म्हणाले, "या, दिवाणजी. दाखवायचंच हुतं." आणि त्यांनी चादर ओढली.

आठ फुटी प्लायवूडवर दोन स्टेशनं. डावीकडं हातकणंगले. उजवीकडं, मी पाटी दोनदा वाचली, इचलकरंजी. मालधक्का, त्यावर कापसाच्या दोऱ्यानं बांधलेल्या कापडाच्या गाठी, एका गाठीवर मुंग्यांएवढ्या अक्षरांत मार्का. स्लीपर मोडक्या धोट्यांच्या लाकडाचे. बॉयलर म्हणजे लाकडी कांडी, तासून. मोटर टेपरेकॉर्डरची. आण्णांनी पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघितलं, तेव्हापासूनचा हा नाद. तिथं सगळं झगमगीत, बटणावर चालणारं. "आपल्याला काय जमतंय म्हनलं," म्हणाले, "पर आपल्याकडं जे न्हाई ते तरी करू."

इचलकरंजीला रेल्वे नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला, गावाला मँचेस्टर म्हणू लागले, देशभर कापड गेलं, पण ट्रकनं गेलं. हातकणंगल्यापासून जेमतेम आठ किलोमीटरचा फाटा. त्याची चर्चा ऐकत आमची दाढी पांढरी झाली. कागदावर नाव येतं, हार-तुरे होतात, मग कागदच दिसत नाही. आण्णांनी तो फाटा घातला. एकास सत्त्याऐंशीनं आठ किलोमीटर केले तर ब्याण्णव मीटर होतात, पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत. आठ फुटांत कसे मावणार? आण्णा म्हणाले, "मधलं अंतर मनात धरायचं. हितं समदी तसंच करत्यात."

मी विचारलं, अर्ध्या मिलिमीटरचा एवढा हट्ट कशाला? आण्णांनी चष्मा पुसला. "मागावर अर्धा मिलिमीटर कधी चालला न्हाई, दिवाणजी. धोटा उडतोय. हितं का चालवू?"

बापू, तुम्हाला ठाऊक नसेल, आण्णा आणि मी एकाच कारखान्यात होतो. ते जॉबर, मी दिवाणजी. चोवीस माग त्यांच्या हाताखाली होते; आवाजावरून सांगायचे कुठला पिकर गेलाय. सुताचा भाव आणि विजेचं बिल यांच्यात कापड चिरडलं गेलं, तेव्हा मालकानं माग विकले. नव्या मागाच्या भावानं नाही, चालू मागाच्याही नाही. किलोवर. भंगारवाल्याचा ट्रक, वजनकाटा, आणि घणानं सांगाडे फोडणारी दोन माणसं. ज्या यंत्रांच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी आण्णांनी रात्री काढल्या, ती घणानं! संताप यायचा तो तेव्हा यायला हवा होता, मला आणि सगळ्या गावाला. कुणी जॉबरला विचारलं नाही की तू आता काय करणार. मीही नाही. वजनाच्या पावत्या माझ्याच अक्षरात आहेत. त्या दिवशी आण्णा ट्रकमागून पडलेले तुकडे वेचत होते, आणि मला वाटलं, माणूस भंगार विकून चार पैसे करतोय.

ते तुकडे त्या प्लायवूडवर आहेत.

तरी माझी तक्रार कायम आहे. माझ्या बहिणीला या गोष्टीनं काही फरक पडत नाही. तेव्हा स्कूटर शनिवारपर्यंत तयार हवी. ट्यूब नवी घाला, जोडावर जोड नको. स्टेपनी खिळ्यावरून काढा. टायरमधून बोट फिरवा, बापू, आधी बोट फिरवा. फणीची तार आण्णांकडेच राहू दे, तिचे पैसे मी मागत नाही.

आपला,
मागच्या चाकाचा मालक

ता.क. ट्रॅव्हल्समध्ये झोप लागली नाही, तेव्हा मोबाइलवर भागाकार केला. एक हजाराला सत्त्याऐंशीनं भागलं की ११.४९ येतात. बापू, बाराचा रूळ आणू नका.