एका बाजूचे माहुल

भिंतीवरची तसबीर बोटभर कलली तरी मराठी गृहस्थाचा जीव खालीवर होतो. अशा माणसाने लेपा जरूर खावा, पण पाटीत असताना त्याच्याकडे निरखून पाहू नये. या माशाचे दोन्ही डोळे एकाच, डाव्या बाजूला असतात. जन्मतः पिल्लू चारचौघांसारखेच असते, दोन बाजूंना दोन डोळे. पुढे त्यातला एक बिऱ्हाड हलवतो आणि डोक्याला वळसा घालून दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो. आयुष्य चिखलावर आडवे पडून काढायचे, तर खालच्या डोळ्याने पाहायचे काय? वास्तुतज्ज्ञाचा सल्ला न घेता लेप्याने हे जमवले.

मुंबईतल्या माहुलच्या आसपासच्या चिखलात प्रमाणबद्धतेला असाही फारसा भाव नाही. तिथल्या एका जातीच्या चिमुकल्या खेकड्यांत नराचा एक डेंगा अवाढव्य आणि दुसरा नावापुरता. मोठ्याचे वजन शरीराच्या एक तृतीयांशाहून अधिक भरू शकते, आणि जेवायला त्याचा काडीचा उपयोग नसतो. मादी दोन्ही डेंग्यांनी पोटभर खाते. नवरदेव एकाच हाताने कसेबसे उरकतो आणि दुसरा माद्यांपुढे हलवत बसतो. भांडणात तो तुटला तर नवा फुटतो. या कुळातल्या एका जातीत तो नवा डेंगा दिसायला तसाच, पण वजनाला हलका आणि ताकदीला कमी निघाल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. प्रतिस्पर्ध्याला मात्र ते बाहेरून ओळखता येत नाही. निवडणुकीच्या काळात हा खेकडा मुंबईत फार ओळखीचा वाटतो.

हिवाळ्यात शिवडी-माहुलच्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात. पाय वारेमाप लांब, मान त्याहून हट्टी, आणि चोच तर उलटीच बसवलेली: खालचा जबडा जाड, वरचा झाकणासारखा. डोके उलटे करूनच जेवायचे असल्यामुळे ते सोयीचे पडते. गंमत म्हणजे, मुलीसाठी स्थळ बघताना उंचीचा इंच-इंच मोजणारी मंडळी या बेढब पायांचे फोटो काढायला पहाटे उठून जातात.

या साऱ्या वाकडेपणाला निदान काही कारण आहे. खाडीकाठच्या माणसांच्या वाट्याला आलेल्या वाकडेपणाचे कारण शोधायला गेले की हसू आटते. एकीकडे कोळी-आगऱ्यांचे जुने गाव, दुसरीकडे १९५०च्या दशकात उभे राहिलेले तेलशुद्धीकरण कारखाने. त्यांना खेटून प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती बांधल्या गेल्या, सतरा हजारांहून अधिक घरांच्या. इथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये नोंदवले. तरी २०१७मध्ये तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे तिथेच धाडली गेली. २०१९मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, माहुलची सक्ती करू नका, त्याऐवजी महिना १५ हजार रुपये भाडे द्या.

मग रिकाम्या घरांचे करायचे काय? महापालिकेने २०२५मध्ये ती आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. २२५ चौरस फूट, १२ लाख ६० हजार रुपये. या किमतीत मुंबईत घर म्हणजे दिवास्वप्न, आणि घरे होती नऊ हजारांवर. पहिली मुदत संपत आली तरी अर्ज काहीशेंच्या पुढे सरकले नव्हते.